ग्रिगेबाईंच्या आडनावाचं शेपूट

गणिताच्या नव्या बाईंनी पहिल्या पालकसभेत फळ्यावर आपलं नाव लिहिलं, स्मिल्ते ग्रिगे, आणि वर्गात कुजबुज सुरू झाली.

आमच्याकडे बाईचं आडनाव ऐकलं की पुढे काही विचारावं लागत नाही. ग्रिगासची बायको ती ग्रिगिएने, ग्रिगासची मुलगी ती ग्रिगाइते. खुद्द ग्रिगास मात्र पाळण्यापासून कबरीपर्यंत ग्रिगासच. नुसतं ‘ग्रिगे’ लावायची मुभा कायद्याने दिलीय, नाही असं नाही. पण ती राजधानीतल्या, विल्नियुसच्या मुलींनी घ्यावी. आमच्या तळ्याकाठच्या गावात असं नाव म्हणजे पत्ता न लिहिता आलेलं पार्सल.

पालकसमितीच्या अध्यक्ष शुकिएनेबाई उठल्या. गावातलं औषधाचं दुकान त्यांचं, त्यामुळे कुणाचं काय दुखतं ते त्यांना माहीत असतंच. जे माहीत नसतं ते त्यांना सहन होत नाही.

“बाई, तुमचं नाव अर्धवट राहिलंय.”

“कुठे?”

“शेवटी. एने की आइते?”

“दोन्ही नाही,” ग्रिगेबाई म्हणाल्या. “मी गणित.”

मागच्या बाकांवरून बाप्यांचं खो-खो हसू आलं. शुकिएनेबाई गर्रकन वळल्या. “आणि तुम्ही सगळे आज इकडे कुठे? माझा नवरा नऊ वर्षांत शाळेची पायरी चढला नव्हता!”

शुकिसभाऊ लगेच छताकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत मी स्मिल्तेला म्हटलं, “सांगून टाक ना गं. कटकट मिटेल.”

“तुमची मिटली का, दांगुओलेताई?”

बालिसपासून घटस्फोट घेऊन मला बारा वर्षं झाली. मुलांच्या तोंडी बसलेलं म्हणून मी बालिएने हे नाव ठेवलं. मग त्याने दुसरं लग्न केलं आणि गावात दोन बालिएने झाल्या. पोस्टमन माझे ट्यूलिपचे कंद तिच्याकडे टाकतो आणि तिचा लेसचा नाइटगाउन माझ्याकडे. बाजारात लोक विचारतात, “कुठली, जुनी की नवी?” जणू मी एखादी गाडीच.

आमचे हेडसर द्रुच्का फार न्यायी माणूस. न्यायी माणसांचा त्रास वेगळाच असतो. त्या महिन्यात वर्गांच्या दारांवर नव्या पाट्या लागायच्या होत्या. शुकिएनेबाईंनी त्यांच्यामागे असा लकडा लावला की त्यांनी स्मिल्तेला बोलावून घेतलं. मी उपमुख्याध्यापिका, म्हणून तिथेच बसले होते.

“फक्त शेवटचं अक्षर सांगा हो. पाटीवाला खोळंबलाय.”

“बार्त्कुससरांचा शेवट काय लिहिलात?” तिने विचारलं. बार्त्कुस आमचे व्यायामाचे शिक्षक.

“त्यांचा काय असणार? बार्त्कुस.”

“त्यांचं लग्न झालंय?”

“नाही.”

“मग ते पालकांना कसं कळायचं?”

हेडसरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “मुद्दा बरोबर आहे,” ते म्हणाले.

“आधी महिनाभर पुरुषांचं लिहून बघा,” स्मिल्ते म्हणाली. “मुलांचे मार्क वाढले तर माझंही लिहा.”

मला वाटलं, विषय संपला. सोमवारी येऊन बघते तर व्यायामशाळेच्या दारावर चकचकीत पाटी : ‘रिम्विदास बार्त्कुस, शारीरिक शिक्षण, अविवाहित’. हेडसरांनी स्वतःलाही सोडलं नव्हतं. त्यांची बायको आमच्याकडेच रसायनशास्त्र शिकवते. तिने ‘मुख्याध्यापक, विवाहित’ मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, “बरं झालं, इथे तरी लिहून ठेवलंस.”

बार्त्कुससर पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी कुणा आईकडून धुरी दिलेला मासा आला. मग बटाट्याचा कुगेलिस, सफरचंदाचा केक, कुणाच्या तरी भाचीचा फोटो. एका आजीने त्यांचा दंड दाबून पाहिला आणि दात स्वतःचेच का, विचारलं. सहावीच्या मुली म्हणाल्या, “सर, तुम्हाला कुणी पसंत नाही केलं का?”

आठवड्याने ते शिक्षकखोलीत आले आणि धपकन बसले. “दांगुओलेताई, मी एका आईला तिच्या मुलाचं वजन सांगत होतो. ती माझं विचारायला लागली! वर म्हणते, या वयात फार निवडत बसू नका. आणि बाहेर कुजबुजतात, एवढा धडधाकट माणूस एकटा राहतो म्हणजे काहीतरी खोट असणार.”

“मला हे विसाव्या वर्षापासून ऐकवतात,” स्मिल्ते म्हणाली. तोंडात त्यांचाच कुगेलिस होता.

आमच्या ग्रंथपाल झिएदाइतेबाई साठीच्या. त्यांना बार्त्कुससर वर्षानुवर्षं सगळ्यांदेखत ‘आमच्या कुमारी’ म्हणून हाक मारायचे. ते उठले, माशाचं पुडकं उचललं आणि ग्रंथालयात गेले. आत काय बोलणं झालं ते ठाऊक नाही, पण पुस्तकांना माशाचा वास लागूनही झिएदाइतेबाई त्या दिवशी खूश होत्या.

पुढच्या पालकसभेला बार्त्कुससर दोन मोठ्या पिशव्या घेऊन आले. “मी कोलांटी शिकवतो,” ते म्हणाले. “बायको असली नसली तरी कोलांटी तीच. ती ओळ काढा. आणि आपापली भांडी ओळखून न्या.”

एकेक भांडं टेबलावर येऊ लागलं.

“अरे, हा तर आमचा तवा!” मागून एक बाप ओरडला.

“ती आमची काचेची थाळी! मला म्हणालीस फुटली!”

शुकिसभाऊ उभेच राहिले. “विल्हेल्मिना, आपलं निळं पातेलं! मला तीन दिवस नुसतं सूप वाढलंस, म्हणालीस बटाटे संपले!”

“तुमच्याच बहिणीसाठी केलं ना मी!” शुकिएनेबाई किंचाळल्या. “एकटी आहे ती!”

“तिला गेल्या महिन्यात ग्दान्स्कचा माणूस मिळालाय!”

मग कुणाला आवरेना. नवी बालिएने माझ्या शेजारीच होती. ती हसता हसता माझ्या खांद्यावर कोसळली आणि मी तिच्या. शुकिएनेबाईंनी क्षणभर ओठ दाबून धरले आणि मग त्याही पातेलं पोटाशी धरून अशा हसल्या की खाली बसावं लागलं. हेडसर टेबल बडवत राहिले, पण त्यांचाही चष्मा घसरला होता.

दुसऱ्या दिवशी पाट्यांवरच्या त्या ओळी खरवडल्या गेल्या. ग्रिगेबाईंच्या दारावर ‘स्मिल्ते ग्रिगे, गणित’ एवढंच लागलं.

रविवारी शुकिएनेबाई स्वतःहून तिला अळंबी वेचायला जंगलात घेऊन गेल्या. सगळ्यांनी ओळखलं कशासाठी ते. संध्याकाळी त्या भरलेली टोपली घेऊन माझ्या फाटकाशी थांबल्या.

“काय मग? कळलं का?” मी विचारलं.

“कळलं!” त्यांचे डोळे चमकत होते. “छेद सारखे केल्याशिवाय बेरीज करायचीच नाही! अहो, चाळीस वर्षांत मला हे कुणी धड सांगितलं नव्हतं.”

आणि फाटकाच्या फळीवर टोपली टेकवून त्या मला अपूर्णांक शिकवायला लागल्या.