कुंकू लागलेली डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. संगणकाला कामाला लावणारी. जेवणाच्या ताटाएवढ्या एका तपकिरी डिस्कवर माझा मुक्काम. चाळीस वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात कपाटाएवढा मिनीकॉम्प्युटर होता, तो माझ्या हुकमात चाले. भट्टीचा पारा चढला की त्याच क्षणी मी आच कमी करायची. उद्या बघू, हे माझ्या स्वभावातच नव्हतं.

इंजिनिअर मंजुषाताईंनी तीन वर्षं खपून मला त्या भट्टीसाठी घडवलं. माझी एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून त्यांनी कपाटात ठेवली होती. आमची खोली पुसायला शिपाई केरूभाऊ यायचे. त्यांचा आमच्यावर भारी जीव. चपला बाहेर काढल्याशिवाय ते कधी आत आले नाहीत.

खंडेनवमीला कारखाना बंद ठेवून यंत्रांची पूजा झाली. केरूभाऊंनी माझं झाकण उघडून हळदकुंकू वाहिलं. मग कपाटही उघडलं. "दोघी बहिणी. एकीलाच कुंकू कसं लावायचं?" असं म्हणून त्यांनी नकलेलाही लावलं.

मला वाचणारं यंत्राचं टोक, म्हणजे हेड, माझ्यावर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगतं. त्याला धुळीचा कण चालत नाही, तिथं कुंकू! दसऱ्यानंतर यंत्र सुरू झालं आणि मी कर्रकन खरवडले गेले. ताईंनी घाईघाईनं नक्कल चढवली. तिचीही तीच गत झाली. तीन वर्षांची मेहनत मातीत गेली.

"कुणी केलं हे?" साहेब कडाडले.

डिस्क काढताना बोटांना लागलेलं कुंकू ताईंनी पदराला पुसलं. "माझ्या हातून झालं."

केरूभाऊ दाराशी मान खाली घालून गप्प उभे होते. ताईंची नोकरी गेली. पुढं मला भंगारातून उचलून केरूभाऊंनी दिंडोरीला घरी नेलं. दर दसऱ्याला ते ताईंकडे जायचं ठरवत, पण पाय उचलत नसे.

यंदा मला पिशवीत घेऊन ते एसटीत बसले. ताईंच्या घराचं दार त्यांच्या मुलीनं, निकितानं उघडलं.

"आई मार्चमध्ये गेली, काका. आपण कोण?"

"मी केरू. कारखान्यातला."

निकिताचे डोळे भरून आले. "आई दर दसऱ्याला म्हणायची, आज केरूभाऊ येतील. कपभर चहा जास्तीचा ठेवायची."

केरूभाऊ उंबऱ्याशीच खाली बसले. "लय उशीर केला बाई मी," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. पिशवीत माझंही काळीज फाटलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना नाही जपलंत तरी चालेल. पण तुमची चूक कुणी स्वतःच्या अंगावर घेतली असेल, तर त्याच्या घरी आजच जा. माणूस आहे तोवर जा.