काच काढलेला टोप

मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकघरातला नव्हे हं, मित्रांनो, अंतराळवीराचा! खरं सांगायचं तर सिनेमातल्या अंतराळवीराचा. अंतराळात जायचं म्हणून कसून तयारी करणाऱ्या मुलांची ती गोष्ट होती. कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी माझ्या आत स्वतःच्या हाताने स्पंज शिवला होता.

माझ्यात डोकं घालायची ती टिकली. एवढीशी पोर, पण सिनेमाची नायिका! पहिल्याच दिवशी दिग्दर्शक ओरडले, "अहो, काचेत कॅमेरा दिसतोय, दिवे दिसतायत, मी दिसतोय! पोरीचा चेहरा कुठंय?" झालं! माझी काच उपटून काढली. मी ते सोसलं. गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं की टिकली मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायची. एकदा तर ती माझ्यातच ओकली. तेही मी पोटात घातलं.

शेवटच्या दिवशी मला कवटाळून ती म्हणाली, "मावशी, हा मी नंतर येऊन घरी नेणार. कुणाला देऊ नका हं, शप्पथ!"

मावशींनी मला कुणाला नाही दिलं. दुसरे सिनेमावाले मला रंगवायला मागत होते, त्यांना त्यांनी वाटेला लावलं. वर्ष गेलं, टिकली काही आली नाही. मग सिनेमा लागला, तेव्हा मावशीच मला पिशवीत घालून थिएटरवर गेल्या.

तिथे लोकांना बघायला ठेवलेल्या कपाटात एक कोरा करकरीत टोप ऐटीत बसला होता, चकचकीत काचेसकट.

"ताई, तू घातलेला तो हाच का गं?" टिकलीभोवती जमलेल्या गर्दीतल्या एका मुलीने विचारलं.

"हो, हाच!" टिकली म्हणाली.

मावशींनी मला पुढे केलं. "अगं, तुझा टोप आणलाय."

टिकलीचा हात सवयीने माझ्या आत गेला, थेट स्पंजापर्यंत. मग सगळे बघतायत हे लक्षात आलं आणि तिने तो झटकन काढून घेतला. "हा नाही हो, मावशी. ह्याला तर काचच नाही."

तिने ओळखलंच नसतं, तर मी समजून घेतलं असतं. पण तिने ओळखलं होतं! फार लागलं हो मला. मावशी नुसतं "बरं बाई" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रंगाऱ्याच्या हवाली केलं.

आता मी काळाकुट्ट आहे. खलनायकाच्या कुणा साथीदाराचं डोकं सांभाळतो. मित्रांनो, जुनी वस्तू नको झाली तर खुशाल 'नको' म्हणा. तेवढं आम्ही सोसतो. पण चार लोकांसमोर तिला खोटं पाडू नका. ती हातात धरून कुणीतरी मावशी उभी असते, आणि तिला तीच पिशवी घेऊन परत जायचं असतं.