बत्तिसाव्या प्रश्नाचं उत्तर

बोलतोय तो मी, एक छापील फॉर्म. पानं सहा, प्रश्न बेचाळीस, कोपऱ्यात पिन. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा कोणतं राज्य कसा पाळतं, हे शोधायला मला जन्माला घातलं. छापखान्यातून निघालो तेव्हा मला खरोखर वाटलं होतं की देशाचं भलं माझ्यावाचूनच अडलंय. शेजारी माझेच चार हजार भाऊ रचले जात होते, तिकडे मी पाहिलंच नाही.

अमरावतीत मी आकांक्षाच्या पिशवीत पडलो. सर्वेक्षणाच्या कामावर नव्यानं लागलेली मुलगी. तिनं मला भातकुली तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत नेलं. मुख्याध्यापक खुशालरावांनी मला पाहिलं आणि कपाटातून माझ्या गेल्या वर्षीच्या भावाची झेरॉक्स काढली.

"लिवा मॅडम. एकपासून बेचाळीसपर्यंत, सारं होय."

"सर, वाचू तरी द्या."

"वाचून काय करता? 'नाही' लिवलं का खुलासा मांगतात. मंग त्या खुलाशाचा खुलासा मांगतात. दोन साल आधी एका 'नाही'पायी मी मार्चपर्यंत कागदंच लिवून राह्यलो, पोरं शिकवाची राह्यली."

माणूस वाईट नव्हता, थकला होता. आकांक्षाही नवी, तिनं खुणा केल्या. मला लाज वाटायला हवी होती. पण त्या एका रांगेतल्या सुबक खुणा अंगावर घेऊन मी नवरदेवासारखा फुगलो होतो.

तेवढ्यात नसीमबानो आल्या. चौथीतल्या अमरीनची आई. अमरीनला फार कमी ऐकू येतं.

"फारम भरून राह्यले काय? माह्या पोरीचं काय लिवलं त्याच्यात?"

आकांक्षानं बत्तिसावा प्रश्न वाचून दाखवला. विशेष शिक्षिका दर आठवड्याला शाळेत येते का? उत्तर: होय.

"कोन येते? दिवाळीपासून कोनी आलं नाही! पोरगी फळ्यावरचं उतरवून आनते अन् मले पुसते, अम्मी, बाई याच्यावर काय बोलल्या? मले तं अक्षर येत नाही. मी काय सांगू तिले? नाही लिवा."

खुशालरावांनी झेरॉक्स कपाटात परत ठेवली. मग हळूच म्हणाले, "लिवा मॅडम. खरं हाय त्यांचं."

आकांक्षानं 'होय' खोडलं, 'नाही'वर खूण केली आणि नसीमबानोंचं बोलणं समासात जसंच्या तसं उतरवलं. मला भयंकर राग आला. माझं चौथं पान विद्रूप झालं ना! असा मी देशाचा हितकर्ता.

सर्वेक्षणाच्या अकोल्याच्या कचेरीत कुलदीप मला संगणकात चढवायला बसला आणि चौथ्या पानावर थांबला. "खाडाखोड आहे. बाद."

आकांक्षानं त्याला समास दाखवला. त्यानं दोनदा वाचला. "वाईट वाटते, ताई. पण इथं 'होय'ले एक दाबा नाही तं 'नाही'ले दोन दाबा. येवढं बोलनं कुठं चढवू? दुसरा फॉर्म भरावा, तं मुदत आजच संपली."

मी बाद झालेल्यांच्या गठ्ठ्यात गेलो. पुढे अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. त्यात मी कुठेच नाही, आणि अमरीनही नाही. माझं मला फारसं वाईट वाटलं नाही. तिचं मात्र वाटलं, आणि तेव्हा कुठे मला कळलं की माझ्या सहा पानांत कामाचा मजकूर समासातला तेवढाच होता.

आज दुपारी आकांक्षाचा फोन वाजला. नसीमबानोंचा आवाज मोठा होता, गठ्ठ्यातही ऐकू आला.

"तो कागद गेला काय, बाई, पुढं? पोरगी पाचवीत गेली. अजून कोनी आलं नाही."

आकांक्षा म्हणाली, "नाही गेला, ताई. बाद केला. इथंच पडून आहे."

"मंग उद्या मीच येतो अकोल्याले. लिवता येत नाही मले, बोलता तं येते. तुमच्या सायबापुढं मी बोलतो. तुमी फक्त तो कागद काढून ठेवा."

आकांक्षाबाई, उठा आता. वरून अकरावा आहे मी. सुतळीची गाठ घट्ट बसलीय, दातानं सोडवावी लागेल. साहेबांपुढे माझं चौथं पान तेवढं ठेवा. बाकीची पाच दाखवू नका, त्यांच्यावर मी खोटं बोललोय.