तोरणाखालचं पहिलं पान

लढाई अमेरिकेत चालली होती आणि दिवाळी वऱ्हाडात. तिकडच्या कापसाची वाट बंद झाली आणि इकडच्या कापसाला असा काही भाव चढला, की काल ज्याच्या अंगावर धड सदरा नव्हता, तो आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवून अमरावतीच्या बाजारातून मिरवू लागला. रामराव अडत्या त्यातलाच. पैसा आला, माडी आली, पुढेपुढे करणारी माणसं आली. फक्त अक्षर आलं नाही. रामरावाला सहीच्या जागी अंगठा उठवावा लागे, आणि ज्याला लिहिता येतं त्याच्याकडे तो चोराकडे बघावं तसा बघे. ज्याच्या मनात जे असतं, तेच त्याला दुसऱ्यात दिसतं म्हणतात.

बाजारामागच्या मराठी शाळेचा मास्तर सूर्यभान याला रामरावाचं नाव काढलं तरी तोंड कडू व्हायचं, आणि त्याला कारण होतं.

गेल्या माघात रामरावाच्या वखारीतले कापसाचे बोजे बडनेऱ्याच्या वाटेवर कापूस तपासणाऱ्या गोऱ्या साहेबाने अडवले आणि फोडून पाहिले. कापसावर पाणी मारलेलं, आणि पोटात नदीतले गोटे. वजन वाढवायची ही युक्ती तेव्हा बऱ्याच वखारींतून चालायची. सापडेल तो चोर, बाकीचे साव. साहेब बाजारात आला आणि गरजला, माल कुणाचा? रामरावाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि आपली गाडी सोडून बैलांना पाणी दाखवत असलेल्या एका साध्या कास्तकाराकडे बोट केलं. तो कास्तकार म्हणजे नांदगाव खंडेश्वरचा पंजाबराव, सूर्यभानचा थोरला भाऊ. त्याने नाही नाही म्हणून मान हलवली, हात जोडले, पण अडत्यापुढे कास्तकाराचं कोण ऐकतो? त्याच्याच दुपट्ट्यात ते गोटे बांधले, त्याच्या डोक्यावर दिले, आणि बाजारभर त्याला फिरवलं. लोक पोट धरून हसले. त्या दिवसापासून तो 'गोटेवाला पंजाब' झाला.

नाव चिकटलं की निघत नाही. पंजाबरावाने आधी अमरावतीची वाट सोडली, मग गावातला पार सोडला. गोटेवाल्याची पोरगी नको म्हणून त्याच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक फिसकटली. बाप गेल्यावर ज्याने स्वतः नांगर धरून धाकट्याला शाळेत धाडलं, तो माणूस आता भिंतीकडे तोंड करून बसू लागला. सूर्यभानने ते पाहिलं आणि मनाशी एकच गोष्ट धरली. भावाच्या डोक्यावरचे गोटे उतरवायचे, आणि रामरावाच्या डोक्यावर ठेवायचे, तेही भर बाजारात. मग नोकरी राहो की जावो.

पण मास्तराच्या हातात छडीशिवाय असतं काय? सूर्यभान राखेत निखारा झाकावा तसा राग झाकून बसला.

पावसाळा लागला तेव्हा मुलांनी हट्ट धरला. मुंबईहून कुणीतरी आणलेलं मासिक पुस्तक त्यांनी पाहिलं होतं. आपल्या शाळेचंही असं पुस्तक पाहिजे! सूर्यभान आधी नको म्हणाला, मग पाटीवर पानं आखून बसला, आणि एकदा बसल्यावर तहानभूक विसरला. कुठल्या पानावर काय, मजकूर केवढा, मोकळी जागा किती, चित्र उजवीकडे की डावीकडे, सगळ्यावर वर्गात भांडणं. एकाने कोडी जमवली. एकाने हिवरखेडच्या मामाच्या बैलाविषयी इतकं लांबण लावलं की बैल शेपटापर्यंत पोचण्याआधी पान संपलं. चित्र काढणाऱ्या पोराने पानाभोवती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बोंडांची वेलबुट्टी काढली. इतकी दाट, की मधे अक्षरांना जागाच उरेना. सूर्यभानने ती चार बाजूंनी कातरली तेव्हा पोरगं रडलं.

"रडून काय राहिला बे?" सूर्यभान म्हणाला. "चौकट घराले असते, घर चौकटीले नसते."

छपाई ताहेरकडे होती. ताहेरचा छापखाना म्हणजे मशिदीमागची एक खोली आणि एक गुळगुळीत दगड. सूर्यभानने चिकट शाईने कागदावर लिहायचं, ताहेरने तो कागद दगडावर दाबायचा. अक्षरं दगडावर उतरायची आणि मग त्यावरून हव्या तितक्या प्रती निघायच्या.

पुस्तकाची बातमी रामरावाच्या कानावर गेली आणि तो स्वतः शाळेत आला. त्याचा मुलगा नत्थू त्याच शाळेत होता. वाचण्यात त्याचा हात धरणारं पोर नव्हतं. आवाजही असा की वाचायला लागला की रस्त्यावरची माणसं थबकत.

"मास्तर, कागद, छपाई, सारं माह्याकडे," रामराव म्हणाला. "पन पयलं पान माह्यं. माह्या नावाचं कवन. आन् ते पोयाच्या दिवशी, तोरनाखाली, साऱ्या बाजारापुढं माह्या नत्थूनं वाचलं पायजे."

सूर्यभानने खाली पाहिलं, कारण डोळ्यांतलं दिसू द्यायचं नव्हतं.

"तुमी म्हनता तसंच होईन," तो म्हणाला.

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो! पोळ्याचं तोरण रामरावाने आपल्या तोंडाने मागितलं होतं. वऱ्हाडात पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींचा चाबूक. वर्षभर ज्याला कुणी बोलू धजत नाही, त्यालाही त्या दिवशी नाव घेऊन झोडायचं, आणि शेवटी सगळ्यांनी 'हर हर महादेव' म्हणून आरोळी ठोकायची. ज्याला झडती लागली त्याने झडतीनेच उत्तर द्यावं, नाही सुचलं तर हसावं. रागावायचं मात्र नाही. जो रागावला, त्याने झडती खरी असल्याचं कबूल केलं, असा सगळा गाव धरून चालतो.

सूर्यभानने दोन पहिली पानं लिहिली. एकात रामराव दानशूर, रामराव कल्पवृक्ष. हे पान नत्थूने घरी वाचून दाखवलं आणि रामरावाने ते पुन्हापुन्हा वाचून घेतलं. दुसरं पान सूर्यभानने ताहेरच्या हातात दिलं. त्यावर कवनाच्या जागी झडती होती, आणि भोवती तीच बोंडांची सुबक वेलबुट्टी.

ताहेरने ते वाचलं आणि दाढी खाजवली.

"मास्तर, दगडावर चढलं का मंग उतरत नाई, बरं का."

"मले मालूम हाय. दगडानं गेलेली अब्रू दगडानंच वापस येईन."

"थे ठीक. पन पोराच्या तोंडी कावून देऊन राहिले? पोरगं गुनी हाय. मधातच थांबलं तर?"

"पोरगा थांबला तरी वर्ग थांबत नाई," सूर्यभान म्हणाला.

त्या शाळेची तशी रीतच होती. पाढा असो की धडा, एक वाचणार, बाकीच्यांचं बोट ओळीवर. आणि वाचणारा अडखळला रे अडखळला, की सगळ्या वर्गाने ती ओळ उचलायची आणि शेवटपर्यंत न्यायची. ही सवय सूर्यभानने छडी मारूनमारून लावली होती. ताहेर आणखी काही बोलणार होता, पण मास्तराचं तोंड पाहून त्याने कागद दगडावर ठेवला.

पोळ्याच्या दिवशी अमरावतीत पाय ठेवायला जागा नव्हती. बैलांच्या पाठीवर रेशमी झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली सगळ्यात पुढे रामरावाची जोडी, आणि जोडीपुढे जरीच्या पागोट्यात रामराव. सूर्यभान आदल्या दिवशी नांदगावला जाऊन भावाला घेऊन आला होता. पंजाबराव येत नव्हता; पाया पडून, शपथ घालून आणला. तो गर्दीच्या मागे, उपरण्याने अर्धं तोंड झाकून उभा राहिला.

मुलांच्या हातात घडी घातलेले कोरे करकरीत अंक दिले. नत्थू पाटावर चढला, घडी उघडली आणि घोकलेलं कवन म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण छापलं असेल तसंच वाचायचं, ही मास्तराची शिकवण; डोळे पानावर गेले आणि आवाज डोळ्यांमागे गेला.

"चांदीची शेंबी, सोन्याचं माप,
बोज्यात पानी, पोटात पाप..."

गर्दीत एकदम चुळबुळ झाली. झडती! पोरगं झडती म्हणतंय! नत्थूची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि तो थांबला. त्याने मान वर करून सूर्यभानकडे पाहिलं. चुकून हे पान आलं का, असं विचारणारं ते पाहणं होतं. सूर्यभानला ते कळलं, आणि कळूनही त्याने पापणी हलवली नाही. एवढ्या वाटेवर येऊन तो मागे फिरणार नव्हता.

नत्थू थांबला आणि वर्गाने ओळ उचलली. आपण काय वाचतोय ते मुलांना उमगायच्या आत सगळ्यांचे आवाज एक झाले होते.

"गोटे भरले रामरावानं,
डोक्शावर वाहिले पंजाबरावानं!"

"हर हर महादेव!" बाजाराने आरोळी ठोकली. गेल्या माघात ज्या तोंडांनी पंजाबरावाला हसून घेतलं होतं, तीच तोंडं आता रामरावाकडे वळली. ज्यांना ऐकू गेलं नाही त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, शेजाऱ्याने म्हणून दाखवलं. सूर्यभानच्या अंगावर काटा आला. किती महिने तो ह्या घटकेसाठी जगला होता! त्याने रामरावाचं तोंड डोळे भरून पाहिलं. आधी पांढरं पडलेलं, मग लाल झालेलं, घामाने डबडबलेलं. जेवायला बसलेला माणूस पोट भरलं तरी उठत नाही, तसा तो बघत राहिला.

"हसा, रामरावजी, हसा! पोया हाय!" कुणीतरी मागून ओरडलं.

हसला असता तर निभावलं असतं. चार दिवस लोकांनी चघळलं असतं आणि विसरले असते. पण कापसाच्या चढ्या भावाने माणसाच्या पाठीचा कणा ताठ होतो आणि मानेचा सांधा आखडतो. रामराव पाटाकडे धावला आणि त्याने नत्थूच्या कानशिलात अशी दिली, की पोरगं पाटावरून खाली आलं.

"बापाची अब्रू घेतं बे? खोटं वाचतं?"

नत्थू उठला. गालावर बोटं उठली होती. रडला नाही. ज्या आवाजाने रस्त्यावरची माणसं थबकत, त्याच आवाजात तो बोलला.

"खोटं काय हाय बाबा त्याच्यात? नदीवरून गोटे मीच तर आनून देले होते. तुमीच मनले होते ना, कापूस उडते म्हून दाबाले लागतेत?"

आता कुणी आरोळी ठोकली नाही. गर्दी नुसती फाकली. रामराव आपली जोडी तिथेच सोडून त्या फाकलेल्या वाटेने निघाला, आणि कुणी त्याला हसलंही नाही. त्याच्या पाठीवर जे बसलं, ते आता त्याच्या नातवांनाही निघणार नव्हतं.

पंजाबराव पुढे आला. त्याच्या तोंडावरचं उपरणं गळून पडलं होतं. लोक त्याला वाट देत होते, कुणी त्याच्या पायांना हात लावत होतं. सूर्यभान त्याला मिठी मारायला धावला. पण पंजाबराव त्याच्या बाजूने निघून गेला, नत्थूजवळ उकिडवा बसला, आणि त्याच उपरण्याने त्याच्या ओठाजवळचं रक्त टिपू लागला.

"गेलं माह्यं ओझं," तो मान वळवून धाकट्याला म्हणाला. "पन सूर्यभान, लेकराच्या डोक्यावर कावून देलं बे?"

सूर्यभानला रामरावाची दया आली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. पंजाबरावाच्या मुलीची सोयरीक त्याच मार्गशीर्षात जमली, आणि त्या लग्नात सूर्यभान पोटभर जेवला. त्याची शाळेतली नोकरीही गेली नाही. झडतीवर तक्रार करायची म्हणजे ती खरी म्हणायची, एवढं रामरावाला आता कळलं होतं.

नत्थू काही दिवसांनी शाळेत आला. आपल्या जागी बसला, पाटी काढली. सगळी मुलं गेली तरी तो बसून होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी मले आंधीच सांगितलं असतं, तर मी शेवटपर्यंत वाचलं असतं."

सूर्यभानने तोंड उघडलं. तो अडखळला, आणि ओळ उचलायला वर्गात दुसरं कुणीच नव्हतं.