उजवीकडचे ओरखडे

तीस वर्षं मी कापडातले दोष शोधले. कारखान्यातून निघालेला तागा उजेडाच्या टेबलावरून सरकायचा आणि मी त्यातला तुटका धागा, तेलाचा डाग, विणीतली चूक हेरून तिथे खडूने फुली मारायचे. नोकरी सुटली, नजर सुटली नाही. धाकटा म्हणतो, ताईला स्वर्गात पाठवलं तरी ती आधी तिथले पडदे उलटे करून शिवण बघेल. म्हणू दे बापडा. त्या सकाळी सिंकखालच्या कपाटावर मला जे दिसलं, ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

तीन ओरखडे होते. जमिनीपासून वीतभर वर, एकाखाली एक, अगदी ताजे. आणि उजवीकडच्या कपाटावर.

आमचं घर म्हणजे शाळेची जुनी बस. धाकटा, म्हणजे माझा सख्खा भाऊ, ती बावीस वर्षं चालवत होता. शाळेने मोडीत काढली तेव्हा ती त्यानेच घेतली, बाकं उपटली आणि वर्षभर खपून आत घर बसवलं. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला कपड्यांचं कपाट, उजव्या हाताला सिंक आणि शेगडी, मागे पडदा लावून माझा पलंग. धाकटा पुढच्या बाकावर झोपतो. दाराला लिफ्ट आहे, ती मला खुर्चीसकट उचलून आत घेते. मधली वाट एकतीस इंच आणि माझी चाकाची खुर्ची पंचवीस. वळायला जागा एकच, सिंकसमोर. तिला आम्ही चौक म्हणतो. माझा उजवा हात भक्कम, त्यामुळे मी चौकात नेहमी डावीकडे वळते. सहा वर्षांत डावं कपाट मी इतकं ठोकलं की धाकट्याने तीनदा रंग दिला आणि शेवटी कोपऱ्याला रबराची पट्टी मारली. "ताई, रंग!" हे त्याचं पेटंट वाक्य. उजवीकडे मात्र मी कधी लागलेच नव्हते.

धाकटा बाहेर नळावर पाणी भरत होता. गाड्या मुक्कामाला लावायच्या एका मैदानावर आम्ही महिनाभर होतो. मी खिडकीतून विचारलं, "सिंकखाली काय आपटलं रे?"

"बादली लागली असेल," तो वर न बघताच म्हणाला.

बादली गोल असते. गोल बादली तीन सरळ रेघा मारत नाही. त्या रेघा खुर्चीच्या फूटरेस्टच्या, पाय टेकवायच्या पट्टीच्या होत्या, आणि तेही वळता न येणाऱ्या माणसाच्या. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मग मी एकेक गोष्ट जुळवायला बसले. आठवड्यापूर्वी फीतवाला एक माणूस आला होता. त्याने ड्रायव्हरच्या सीटपासून पेडलपर्यंत आणि सीटपासून स्टिअरिंगपर्यंत मापं घेतली. "गिअरबॉक्स बघायला आलाय," असं धाकट्याने सांगितलं. गिअरबॉक्स बघायला फीत कशाला लागते? त्यानंतर पुढच्या दाराशी नवी दांडी बसली. "तुझ्यासाठी," म्हणे. ते पायऱ्यांचं दार ड्रायव्हरचं, मी त्याने जन्मात चढलेले नाही; माझं दार लिफ्टचं. बरं, याच्या बोटांच्या सांध्यांवरची सालटं निघालेली. विचारलं तर "पाना निसटला." आणि परवा तो गाडीमागे उभा राहून फोनवर बोलत होता. खिडकी उघडी आहे हे त्याच्या ध्यानात नव्हतं. "नाही, तिला अजून सांगितलं नाही," तो म्हणत होता. "एकाचीच जागा हवी. खिडकी असली तर बरं."

एकाचीच जागा.

हिशोब सरळ होता. धाकटा गाडी विकत होता. घेणाऱ्यांच्यातलं कुणीतरी माझ्यासारखंच खुर्चीवालं होतं आणि मी झोपले की ते येऊन आत फिरून बघत होतं. आणि मला तो एखाद्या संस्थेत ठेवणार होता, खिडकीजवळच्या खाटेवर. खिडकी मागितली हे त्याचे उपकारच म्हणायचे.

राग आलाच, पण त्याच्याखाली भीती होती, ती जास्त होती. या गाडीआधी मी तिसऱ्या मजल्यावर राहायचे, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. पाय गेल्यावर दोन वर्षांत चारदा खाली उतरले, चारही वेळा दवाखान्यात जायला. उरलेले दिवस समोरच्या भिंतीवरचे पाइप मोजले. एक दिवस धाकटा आला आणि म्हणाला, "ताई, घर खाली येत नाही ना, मग मी चाकांवरचं आणतो." ही गाडी गेली तर मी पुन्हा पाइपच मोजणार होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलण्यात अडकवायचा प्रयत्न केला. तो बूट घालत होता. उजव्या बुटाचं टोक झिजून पांढरं पडलं होतं.

"नवे घे की. आणि पाय उचलून चालत जा, गुरासारखा ओढत काय चालतोस?"

"घेईन."

"पैसे येणार असतील ना कुठून तरी."

"कुठून येणार?" तो म्हणाला आणि दांडी धरून खाली उतरला. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. लहानपणीही तो असाच होता. दोघांत मिळून एकच सायकल. गल्लीच्या टोकाला जाऊन परत आलं की एक फेरी, मग उतरायचं आणि दुसऱ्याला द्यायची. हा पठ्ठ्या कोपऱ्यावर दिसेनासा व्हायचा, दोन फेऱ्या मारून यायचा आणि वर म्हणायचा, एकच झाली.

मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. रोज जेवणानंतर मला दोन तास पालथं पडावं लागतं, नाहीतर बसून बसून कंबरेखाली जखमा होतात. तेव्हा पडदा ओढलेला असतो आणि खुर्ची पडद्याबाहेर. त्या दुपारी पलंगावर सरकण्याआधी मी खुर्चीच्या चाकावर, जिथे ते जमिनीला टेकतं तिथे, खडूची बारीक रेघ मारली. उठले तेव्हा खुर्ची जागच्या जागी होती. रेघ मात्र वर, हाताशी आली होती, म्हणजे खुर्ची कुणीतरी फिरवून परत ठेवली होती.

तिसऱ्या दुपारी मी झोपलेच नाही. डोळे मिटून घोरले, तेही धाकटा नेहमी टवाळी करतो तसंच. थोड्या वेळाने दार वाजलं. पावलं एकाच माणसाची. मग खुर्चीचा ब्रेक सुटल्याचा खटका; धाकटा त्या पाहुण्यासाठी माझीच खुर्ची काढतोय, असं मी समजले. मी मनात वाक्यं जुळवत होते. त्या खुर्चीवाल्याला आधी दोन शब्द सुनावणार होते आणि मग माझ्या सख्ख्या भावाला बरेच. सिंकखाली खट्ट झालं. मी हात लांब केला आणि पडदा ओढला.

खुर्चीत धाकटा बसला होता. चौकात आडवा अडकलेला, नाक सिंककडे. त्याने मला पाहिलं नव्हतं. उजवा पाय फूटरेस्टवरून घसरला होता. तो खाली वाकला, पँटचं कापड गुडघ्यापाशी मुठीत धरलं आणि पाय उचलून पट्टीवर ठेवला.

गंमत म्हणून खुर्चीत बसलेला माणूस पाय असा उचलत नाही. असा पाय मी उचलते. माझ्याआधी आई उचलायची.

माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. झिजलेला बूट, दांडी, सोललेले सांधे. खुर्चीच्या पहिल्या महिन्यात माझेही सांधे दाराच्या चौकटींनी असेच सोलले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! हजारो वार कापडातला एक तुटका धागा पकडणारी मी, आणि माझ्या डोळ्यांसमोर भाऊ पाय ओढत होता, तर मी त्याला गुरासारखा चालतोस म्हणाले होते. मला माझी लाज वाटली.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो दचकला. चाकावरचा हात निसटला आणि फूटरेस्ट पुन्हा कपाटावर आपटली.

"तू घोरत होतीस ना?"

"कधीपासून, धाकट्या?"

"खुर्ची तीन आठवडे. पाय आठ महिने. डॉक्टरांकडे जाऊन आलो. तेच आहे. आईचं आणि तुझं."

मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, भावालाही तपासून घ्या. तेव्हा हा छाती पुढे काढून म्हणाला होता, मी रोज चाळीस पोरं ने-आण करतो, मला काय धाड भरलीये? पुढे ही गाडी आली तरी मी तो विषय पुन्हा काढला नाही. मला ड्रायव्हर हवा होता.

"आणि तो फीतवाला?"

"हाताने चालणारा ब्रेक बसवतो तो. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, दोन्ही. बसेल म्हणाला. गाडी मी पुष्कळ वर्षं चालवेन ताई, त्याचं काही नाही." त्याने चौकाकडे हात केला. "पण थांबल्यावर काय? मी मापं घेतली, बसून बघितलं. इथे दोन खुर्च्या मावत नाहीत. एकीला दुसरी ओलांडता येत नाही. माझे पाय पुरते गेले की आपल्यातल्या एकालाच इथे राहता येईल."

"म्हणून मला खिडकीजवळची खाट बघितलीस?"

तो हळू म्हणाला, "तुला कशाला? माझ्यासाठी बघितली. तुझं हेच घर आहे. तुला चांगला ड्रायव्हर बघून दिला असता आणि मग सांगितलं असतं. बावीस वर्षं काचेसमोर बसलोय, म्हणून खिडकी मागावी म्हटलं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. गाडी माझीच राहणार होती. तीन दिवस मी ज्यासाठी पहारा देत होते, ते कुणी नेतच नव्हतं. जाणार होता तो धाकटा, आणि त्याच्यावर माझं लक्षच नव्हतं.

तो खुर्चीतून उठायला लागला. उठताना दोन्ही हातांनी सिंक धरलं.

"बस खाली," मी म्हणाले.

"ताई, तुझी खुर्ची आहे."

"बस म्हणते ना. रोज दुपारी मी दोन तास इथे पालथी असते, तेव्हा ती कोण वापरतं? रात्रभर कोण वापरतं? तू गाडी चालवतोस तेव्हा तू तुझ्या सीटवर. थांबलो की मी पलंगावर आणि खुर्ची तुला. तुझं आवरलं की खुर्ची मला. दोन खुर्च्या मावत नसतील तर एकच ठेवू. आपल्याकडे दोन सायकली कधी होत्या?"

"आणि दोघांना एकदम लागली तर?"

"तर भांडू. आधी काय कमी भांडलोय? पण त्या खिडकीवाल्यांना आजच फोन कर. माझ्यासमोर."

त्याने फोन काढला आणि खाट नको म्हणून सांगितलं. समोरच्याने कारण विचारलं असावं. "घरीच सोय झाली," धाकटा म्हणाला.

मग मी कोपरांवर उठून बसले. "आता ऐक. उजवीकडे वळू नकोस, तिकडे रबर नाही. कोपरं आत. डावं चाक धरून ठेव आणि उजवं पुढे ढकल. ताकद लावू नकोस, फक्त सोडू नकोस."

त्याने केलं. खुर्ची अर्धी फिरली आणि डाव्या कपाटावर दणकन आदळली.

"धाकट्या, रंग!"

तो हसला. पुन्हा मागे घेऊन वळला. पाचव्यांदा सुटला, दारापर्यंत गेला आणि उलटा येत माझ्या पलंगाशी थांबला. घामेजला होता. सांध्यातून थोडं रक्त आलं होतं, ते त्याने पँटला पुसलं.

"झाली फेरी," मी म्हणाले. "उतर आता."

"एक अजून, ताई."

लहानपणी यावरून मी त्याचे केस ओढले होते. या वेळी मी चादरीचं लोंबणारं टोक वर ओढून घेतलं, त्याच्या चाकात अडकू नये म्हणून.