पंपघराचा ओटा आणि माझे तीन पाय

"घ्या! हा म्हाताराही तेच सांगतोय. उगाच दिवस घालवला," माझ्या पडद्यावर वाकून साहेब कुरकुरले.

मित्रांनो, तो म्हातारा म्हणजे मी, एक जुना लेझर कंपनमापक. हात न लावता थरथर मोजणं हे माझं काम. वस्तूवर लाल ठिपका टाकायचा आणि परतणाऱ्या प्रकाशावरून ती किती हलते ते ओळखायचं. उमेदीच्या काळात मी कारखान्यांतल्या अवाढव्य यंत्रांची दुखणी शोधली, शाबासक्या मिळवल्या. पुढे नवं यंत्र आलं आणि मी कपाटाच्या तळाशी गेलो. तिथेही आमची तंत्रज्ञ ताई दर महिन्याला माझी काच मऊ फडक्याने पुसायची. त्या फडक्याच्या जोरावर मी टिकलो.

त्या सकाळी निवाडा होता कालव्यावरच्या पादचारी पुलाचा. नव्या यंत्राने तो धोकादायक ठरवला होता. साहेबांचा पाडायचा हुकूम तयार होता. पुलाचा सांधा न् सांधा ताईच्या बाबांनी वेल्डिंग करून जोडलेला. बाबा काठावर उभे. मुलगी बापाची बाजू घेते असं कुणी म्हणू नये, म्हणून ताईने पुलाची तरफदारी केली नव्हती. तिने फक्त फेरतपासणी मागितली होती.

तिने चहाचा ग्लास ओट्यावर, मी उभा होतो त्या तिपाईशेजारी टेकवला आणि तिची नजर तिथेच खिळली. चहावर बारीक वलयं उठत होती.

"साहेब, नव्या यंत्राची तिपाईसुद्धा इथेच होती?"

"हो. सपाट जागा हीच ना, पंपघराचा ओटा."

"आणि आत पंप चालू!"

मित्रांनो, लाजेने माझा ठिपका आणखी लाल झाला असेल. लटपटत होते माझेच पाय, आणि ते पाप मी पुलाच्या माथी मारत होतो!

ताईने मला उचललं, लांब खडकावर घट्ट रोवलं. बाबा तडक पुलाच्या मधोमध गेले आणि दणादण उड्या मारू लागले.

"बाबा, गुडघे!" ताई ओरडली.

"गुडघ्यांचं घरी बघू. आधी पुलाचं बघ!"

पडद्यावरची रेघ जराशी उसळली आणि लगेच शांत झाली. पुन्हा उडी, पुन्हा तेच. काय सांगू, एवढी सुंदर रेघ मी जन्मात काढली नव्हती!

आमची काच जरूर पुसा, मित्रांनो. पण दुसऱ्यावर ठिपका रोखण्याआधी आमच्या पायांखालची जमीनही बघा.

साहेबांनी हेल्मेट काढलं आणि ते बाबांकडे वळले. इतके दिवस जे कुणाच्याच तोंडून निघालं नव्हतं, ते म्हणाले,

"काका, पूल खणखणीत आहे. चुकलो मी."