ओठ मिटत नव्हते

माझा धंदा किंकाळ्यांचा. भुताच्या सिनेमात जिन्यावरून ओरडत येणाऱ्या बाईचा चेहरा कुणाचाही असो, घसा बहुतेक वेळा माझा असतो. डबिंगच्या स्टुडिओत मला सगळे किंकाळीबाई म्हणतात आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. घरात मला कधी आवाज चढवू दिला नाही. जरा चढला की आत्या म्हणायची, "आईच्या वळणावर जाऊ नकोस." मग तो सगळा आवाज मी बाहेर नेला आणि त्याच्यावर पोट भरलं. यात कुणाला वावगं वाटत असेल तर खुशाल वाटो.

आई म्हणजे आमच्या घरातला न काढायचा विषय. मी लहान असताना माझा तान्हा भाऊ गेला. आईनंच त्याला उशीखाली दाबलं, तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता, असं आत्यानं सांगितलं आणि घरानं तेच धरून ठेवलं. आईला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. मला तिथे एकदाच नेलं होतं. आई जाड काचेच्या पलीकडे उभी होती आणि माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होती, तेच तेच, पुन्हा पुन्हा. ऐकू काही येत नव्हतं. मी विचारलं, आई काय म्हणतेय? "काही नाही, नुसती बडबड," म्हणून आत्यानं माझा हात ओढला. पुढे आई तिथेच वारली.

मला आत्यानं वाढवलं, हे नाकारत नाही. आता ती पार थकली आहे आणि ठार बहिरी झाली आहे. घरात आम्ही दोघीच. मी समोर उभी राहून सावकाश बोलते, ती माझ्या ओठांवरून सगळं वाचते. घशाला तेवढाच आराम.

त्या सकाळी ज्या सिनेमासाठी बोलावलं होतं, त्याचा दिग्दर्शक कोवळा होता, दाढी कोरलेली, बोलायला साखर. सिनेमा वेड्यांच्या इस्पितळातल्या भुताचा. एक बंद पडलेलं खरंखुरं इस्पितळ भाड्यानं घेऊन त्यानं तिथेच चित्रण केलं होतं.

"गोष्टही तिथलीच आहे, ताई," तो म्हणाला. "तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं सांगितली. एका बाईनं आपलं बाळ मारलं होतं. ती अजून त्या खोलीत असते म्हणे. आपण शेवटी तिच्याकडून कबुली घेतलीय. लोक खुर्चीला खिळतील."

मला आई आठवली. पण इस्पितळं काय थोडी आहेत, आणि बायकांना वेडं ठरवायच्या गोष्टी तर त्याहून जास्त. मी आतल्या खोलीत गेले, हेडफोन चढवला. आमच्यात आणि त्यांच्यात काच असते. काचेपलीकडे यंत्रावर आमचा ध्वनिमुद्रक, त्याला सगळे कानसेन म्हणतात, आणि त्याच्या मागे कोचावर दिग्दर्शक.

आमचं काम असं, की पडद्यावर एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो आणि त्यातल्या ओठांवर आपण शब्द बसवायचे. शब्द थोडा इकडचा तिकडे चालतो, पण ओठ मिटले तर तिथे प, ब, म असलं काहीतरी यायलाच हवं, आणि आपण म म्हणत असताना पडद्यावरचं तोंड उघडं असेल तर शेवटच्या रांगेतलं पोरही हसतं. कागदावर ओळ होती, "मीच मारलं माझ्या बाळाला." ओठ मिटण्याची नुसती रांग. तुकडा सुरू झाला. लोखंडी खाट, पोपडे सुटलेली भिंत, केस तोंडावर आलेली बाई. ती बोलू लागली आणि तिचे ओठ मिटतच नव्हते. मिटले ते फक्त शेवटाकडे, दोनदा.

"हिनं वेगळंच काहीतरी म्हटलंय," मी सांगितलं.

"जमवून घ्या ना, ताई. तुमच्यासारख्या मुरलेल्या कलाकाराला काय अवघड आहे?"

लोणच्यासारखं मुरवल्यावर माणूस काय बोलणार. मी ओळ म्हटली. कानसेननं ती परत लावली. वाऱ्याचा आवाज आला, खाट करकरली, पण माझा आवाज नव्हता. मी पुन्हा म्हटली. पुन्हा तेच. कानसेननं तारा तपासल्या, माइक बदलला, मला नुसतं एक-दोन-तीन म्हणायला लावलं. एक-दोन-तीन स्वच्छ उमटलं. ती ओळ तेवढी उमटेना. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तिथे एसी इतका असतो की मी शाल घेऊन बसते.

"त्या मुलीलाच विचारा, ती काय बोलली ते," मी म्हटलं.

दिग्दर्शकानं नटीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती बिचारी गोंधळली. म्हणाली, "सर, मी कुठे बोलले? तुम्हीच तर सांगितलं होतं, तोंड मिटून नुसती बघत राहा, ओळ नंतर वरून टाकू."

दिग्दर्शकानं फोन ठेवला आणि उगाच दाढी खाजवली.

"कानसेन," मी म्हटलं, "चित्र थांबव. तोंड मोठं कर."

त्यानं केलं. केसांच्या आडून हनुवटी दिसत होती, आणि खालच्या ओठाच्या डाव्या टोकाशी तीळ. माझा हात आपसूक माझ्या तोंडाकडे गेला, कारण माझा तीळही तिथेच आहे, आईसारखा. कानसेननं पडद्याकडे पाहिलं, काचेतून माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची जरा मागे सरकवली.

मला भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या खाली राग होता, आणि तो फार जुना होता. आई काचेमागे उभी राहून सांगत होती तेव्हा मला ओठ वाचता येत नव्हते. आता येतात. उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघण्यात गेलाय माझा.

"परत सोड," मी म्हटलं. तुकडा फिरला. फिरत राहिला. मी आवाज न काढता तिच्या ओठांबरोबर ओठ हलवत गेले. आधी जीभ दातांना लागते, तोंड मोठं उघडतं, मग ओठ गोल होतात. दार. दार उघडा. मग ओठ मिटतात. बाळ. मग परत एकदा मिटतात. मला कळलं आणि मी खाली बसले.

"दार उघडा. बाळ तापलंय," मी म्हटलं. "ती हे म्हणतेय. बाळाला ताप होता आणि हिला कुणीतरी कोंडून ठेवलं होतं. तिनं काही मारलेलं नाही. ही ओळ मी म्हणणार नाही."

दिग्दर्शक माइकचं बटण दाबून हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

हा प्रश्न मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. "ती माझी आई आहे," मी म्हटलं. "आता विचारा, बरी आहे का."

तो कानसेनकडे वळून काहीतरी बोलला. मग परत मला म्हणाला, "हे बघा, आपण तिच्या ओठांवर काळोख टाकू. काही दिसणारच नाही. तुम्ही फक्त कागदावरची ओळ म्हणा. नाहीतर बाहेर या, थोडा आराम करा. मी दुसरी कुणी बघतो."

"बघा की. दुसरीचा आवाज तरी उमटतोय का बघा. आणि मी बाहेर येणार नाही. आमच्या घरातल्या एका बाईचं तोंड तुम्ही लोकांनी एकदा बंद केलंत, तेवढं पुरे झालं."

त्यानं स्वतःच पुढे वाकून माझा माइक बंद केला. माइक चालू असल्याचा दारावरचा लाल दिवा विझला. त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नव्हता. मी काचेमागे उभी, ते पलीकडे, आणि माझ्याबद्दल काहीतरी ठरत होतं. आईला कसं वाटलं असेल हे मला त्या घडीला कळलं, आणि माझी भीती गेली ती गेलीच. मी काचेला नाक लावून उभी राहिले आणि पडद्यावरच्या ओठांबरोबर, बंद माइकसमोर, सगळा घसा पणाला लावून म्हटलं, "दार उघडा. बाळ तापलंय."

काचेपलीकडे कानसेननं दोन्ही हात यंत्रावरून वर उचलले, आपण कशाला हात लावलेला नाही हे दाखवल्यासारखे. आवाज चढवायच्या पट्ट्या तळाला, म्हणजे बंद होत्या, तरी आवाज मोजणारे काटे नाचत होते. दिग्दर्शक भिंतीवरच्या स्पीकरकडे बघत उभा राहिला, मग मटकन कोचावर बसला. कानसेननं तोच आवाज माझ्या हेडफोनमध्ये सोडला.

तो माझा नव्हता. माझा घसा किंकाळ्या मारून खरखरीत झालाय. हा आवाज कोवळा होता, माझ्या निम्म्या वयाच्या बाईचा. आई गेली तेव्हा तेवढीच होती. शब्द ओठांवर असे बसले होते, की जगातल्या कुठल्याही डबिंगवालीला ते तसे बसवता येणार नाहीत. मी खूप रडले, आणि रडताना आवाज दाबला नाही.

बऱ्याच वेळानं लाल दिवा लागला. दिग्दर्शकाचा आवाज बसला होता. "हे ठेवलं तर माझी सगळी गोष्टच उलटी होते. मग खुनी कोण?"

"कडी कुणी लावली ते शोधा," मी म्हटलं. "ते तुमचं काम. माझी एकच अट आहे. सिनेमाच्या शेवटी नावांच्या पाट्या येतात त्यांत या आवाजापुढे माझं नाव नको, आईचं घाला. मी सांगते तसं, पूर्ण."

त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. पोरगा अगदीच वाया गेलेला नव्हता.

मी घरी आले तेव्हा ऊन अजून होतं. आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसून मटार सोलत होती. "लवकर सुटलीस?" तिनं विचारलं. मी चपला न काढता तशीच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, उजेड तोंडावर येईल अशी. घशातून काही काढलं नाही. फक्त ओठ हलवले, सावकाश, पडद्यावर पाहिले होते तसे.

दार उघडा. बाळ तापलंय.

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती माझ्या ओठांकडे बघत होती, पण माझ्याशी बोलत नव्हती. "उघडणारच होते गं, वहिनी," ती म्हणाली. "पाहुणे गेले की उघडणारच होते."

मी ओरडले नाही. मला वाटलं होतं मी घर डोक्यावर घेईन. आत गेले आणि हत्यारांच्या डब्यातून पेचकस काढला. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून एक जुनी कडी आहे, रंगाखाली गंजलेली. माझ्या सगळ्या लहानपणी ती तिथेच होती आणि मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. स्क्रू घट्ट बसले होते, हात सोलवटला, पण मी ते एकेक करून काढले. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"हे काय करतेस?" तिनं विचारलं.

"आईच्या वळणावर जातेय," मी म्हटलं, आणि तिला नीट वाचता यावं म्हणून तोंड तिच्याकडे वळवून पुन्हा एकदा म्हटलं.